पेटीखालची शेगडी

घरात नवीन काही आलं की त्याच्यापुढे नारळ फोडायचा, ही आमच्या घराण्याची रीत. स्कूटर आली, फोडला. धुण्याचं मशीन आलं, फोडला. त्यामुळे लोणावळ्याच्या एका पाडायला काढलेल्या बंगल्यातून जुना उभा पियानो टेम्पोत घालून सोमाटण्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणला, तेव्हाही मी नारळ घेऊन तयारच होतो. नारळ फरशीवर फोडला, इथवर ठीक होतं. पण मग त्यातलं पाणी पियानोवर शिंपडायची मला हुक्की आली. बायको, वैशाली, म्हणाली, “अहो, वरून नको.” मी म्हणालो, “चार थेंबांनी काय होतंय?” भक्तीच्या भरात वाटी कलंडली आणि पाणी पट्ट्यांच्या फटींतून आत गेलं. दुसऱ्या दिवशी मधल्या पाच पट्ट्या दाबल्या तशा खालीच बसल्या, वर येईनात. जिच्यासाठी हा पियानो आणला ती आमची मुक्ता, नववीत शिकणारी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, त्याला नारळपाणी पाजायची गरज होती का?”

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दारात एक बाई उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, काटक, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. पायावर धूळ होती. बेगडेवाडी स्टेशनला उतरून चालत आली होती. मला वाटलं, भाजीवाली.

“पेटी हितंच आली ना, बंगल्यातली?” तिनं विचारलं. “टेम्पोवाल्यानं घर सांगितलं.”

मी हो म्हणेपर्यंत ती आत आली होती. पियानोसमोर जाऊन उभी राहिली, मागे वाकून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते मला रागावून. “ह्या भितीला पाठ कशापाई लावली? भाईरची भिंत हाय ही. पावसाळ्यात घाम येतोय हिला.” मग खाली बसली, पियानोची खालची फळी दोन बोटांनी खटकन काढली, आत हात घातला आणि वळून विचारलं, “बल्ब कुटंय?”

ही आमची ठकूमावशी. लोणावळ्याच्या मागच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. त्या बंगल्यात तिनं तिशीपासून झाडलोट केली, आणि त्यातलं तिच्या लेखी महत्त्वाचं काम एकच: पेटी सांभाळणं. पियानो हा शब्द तिला येत होता, पण ती तो वापरत नसे. आम्ही पियानो विकत घेतला होता, पण मावशी त्याच्याबरोबर आपोआप आली होती, आणि पुढचे काही महिने दर गुरुवारी येत राहिली. का येता, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. वैशालीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, “ताई, गुरवारी पुसायची असती ती. तुमाला म्हाईत न्हवतं, तुमी काय करनार?”

तिचं पुसणं बघण्यासारखं होतं. पिशवीतून दोन मलमलची फडकी निघत, एक काळ्या पट्ट्यांचं, एक पांढऱ्यांचं. “काळ्याचं फडकं पांढऱ्याला लावायचं न्हाई,” हे तिनं मुक्ताला पहिल्याच दिवशी बजावलं. मग ती फडकं बोटाला गुंडाळून एकेका पट्टीवरून लांबीच्या अंगानं असं फिरवी की पट्टी तसूभरही दबत नसे. पंच्याऐंशी पट्ट्या, आणि एक सूर नाही. मी एकदा प्रयत्न केला, तर मांजर नाचल्यासारखा आवाज झाला. मावशी हसली नाही. म्हणाली, “वाजवायचं काम बंगल्यातल्या बाईचं. पुसायचं माजं. येकमेकीच्या कामात आमी हात घातला न्हाई.” माझ्या नारळपाण्याचे चिकट डागही तिनंच कोमट पाण्याच्या फडक्यानं तीन गुरुवारांत काढले. पाचपैकी चार पट्ट्या वर आल्या. “द्येवाचं पानी द्येवाला घालावं दादा,” एवढंच म्हणाली.

बल्बची गोष्ट तर वेगळीच. लोणावळ्याच्या ओलीत लाकूड फुगतं, तारा गंजतात, आतल्या लोकरीला बुरशी येते. म्हणून बंगल्यातल्या बाईंनी पियानोच्या पोटात एक बल्ब बसवून घेतला होता. ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत तो रात्रंदिवस जळायचा. मी उत्साहानं नवा एलईडी आणून लावला. मावशीनं त्याला हात लावून पाहिला. “ह्यो नुसता उजेड देतोय. ऊब कुटंय? आत कुनाला काय वाचायचंय का?” शेवटी वडगावच्या बाजारातल्या एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, माळ्यावरच्या खोक्यात, तारेचे चार बल्ब मिळाले. दुकानदार म्हणाला, “कोंबडीच्या पिलांसाठी नेताय का?” मी म्हणालो, “पियानोसाठी.” त्यानं मला बल्ब जरा लांबूनच दिले.

पियानोचा इतिहास मावशीकडून तुकड्यातुकड्यांनी कळला, आणि तोही पुसता पुसता. बाई एकट्या होत्या. मुंबईतलं घर आवरून लोणावळ्यात येऊन राहिल्या, तेव्हा पेटीही आली. आठ माणसांनी ती उतरवली आणि बाई छत्री धरून तिच्या बाजूनं चालत होत्या, स्वतः भिजत. लोणावळ्यातल्या मुलांना शिकवायच्या. गुरुवारी कुणाला शिकवायच्या नाहीत, त्या दिवशी स्वतःसाठी वाजवायच्या. मावशी तेव्हा दाराबाहेर बसून तांदूळ निवडायची. “कळायचं का काही?” मी विचारलं. “कळायला काय करायचंय? तुमाला वाऱ्याचं कळतंय का? ऐकताच ना!”

मग एका आषाढात बाई न्हाणीघरात पडल्या. मुंबईहून गाडी आली. गाडीच्या काचेतून त्या म्हणाल्या, “ठकू, दिवा मालवू नकोस. मी दसऱ्याला येते.” दसरा गेला, दिवाळी गेली. बाई तिकडेच वारल्या हे मावशीला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, बंगल्याच्या मोजणीला आलेल्या माणसाकडून. परदेशातल्या भाच्यानं बंगला कुलूप घालून ठेवला होता. मागच्या पडवीची किल्ली तेवढी मावशीकडे राहिली. ती दर गुरुवारी डोंगर उतरून येत राहिली. बल्ब जळतोय ना, बघायची, पट्ट्या पुसायची आणि जायची. असं किती वर्षं, ते तिला सांगता येत नव्हतं. “लय वर्सं,” म्हणायची.

मे महिन्यात आम्ही पुण्याच्या कॅम्पातल्या फर्नांडिस नावाच्या पियानो दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला बोलवायचं ठरवलं. ते सोमवारी येणार होते. आधीच्या गुरुवारी मावशीनं पट्ट्या पुसून झाल्यावर फडकी घडी केली, पण उठली नाही.

“दादा, त्या कारागिराला माजं येक इचाराल?”

“विचारतो की.”

“बंगल्याची लाईट तोडली हुती. चवथ्या का पाचव्या वर्साला. बल्ब बंद. त्या पावसात पेटी आतून कुरकुराया लागली. लोकरीवर हिरवं आलं. मंग मी शेगडी ठिवली खाली. निखारं, वर राख. दुपारभर बसायची जवळ. घरचं काम टाकून रोज यायची. तीन पावसाळं काडलं तसं. येका दिवशी माजा डोळा लागला. जागी झाली ती आवाजानं. फाटकन वाजलं आत, लाकूड फुटल्यावानी. खालची फळी काळी पडली हुती. कुनालाबी सांगितलं न्हाई मी. त्याला इचारा, माज्या शेगडीनं पेटीचं काय बिगडलं का. खरं काय ते सांगाया सांगा. माजं मन राखाया नगं.”

“मावशी, आता कोण विचारणार आहे तुम्हाला? बाई तर गेल्या.”

“म्हनून तर,” ती म्हणाली. “माजंबी आता काय लांब न्हाई. तितं पयलं बाईच इचारल, पेटी कशी हाय. काय सांगू मग?”

मी हसलो. मला ते गोड वाटलं होतं.

सोमवारी फर्नांडिस आले. कमी बोलणारा माणूस. मागचं कापड काढून बॅटरी मारली, आणि मला बोलावून दाखवलं. आवाजाची जी मोठी पातळ फळी असते, ती खालून वरपर्यंत उभी फाटली होती. “ही आगीनं गेली. कोणी खाली विस्तव ठेवलेला.” माझं तोंड उतरलं असावं. मग त्यांनी तारा गुंडाळलेल्या खुंट्यांना किल्ली लावली, एकेक फिरवून पाहिली. शेवटी म्हणाले, “लोणावळ्याचे बारा-पंधरा पियानो मी उघडले असतील. बंद बंगल्यातले. सगळे सडलेले. खुंट्या हातानं निघायच्या. सरपण. ह्याच्या खुंट्या बघा, अजून पकडून आहेत. फळीला मी पाचर बसवीन, ते होतं. पण ती शेगडी नसती ना, तर आज मी तुम्हाला हा जाळून टाका म्हणून सांगितलं असतं. ज्यानं कोणी विस्तव ठेवला, त्यानं ह्याला जगवला.”

पहिल्या पट्टीच्या बाजूवर, आतल्या अंगाला, पेन्सिलीनं लिहिलेली नावं त्यांनी मला वाचून दाखवली. पियानो लावायला येणारे कारागीर आपलं नाव तिथे टाकून जातात म्हणे. सहा नावं होती. आणि खालच्या काढलेल्या फळीच्या आतल्या बाजूला कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, रांगेनं, फळी भरेपर्यंत. “हे कोण?” फर्नांडिसांनी विचारलं. मला कळलं होतं. एकेक रेघ, एकेक गुरुवार. फर्नांडिसांनी आपलं नाव पेन्सिलीनं सातवं लिहिलं आणि रेघांना हात न लावता फळी परत बसवली.

म्हणजे मावशीला द्यायचं उत्तर माझ्या हातात होतं, आणि ते दोन वाक्यांचं होतं. गुरुवारी ती आली, दारातूनच म्हणाली, “इचारलं का?” मी म्हणालो, “काम संपू दे मावशी, मग सगळं सांगतो.” टाळाटाळ का केली? भीती वगैरे काही नाही. मला गोष्ट सांगायची हौस आहे. आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की लोक म्हणतात, आता याला बोलू द्या. इतका सुंदर ऐवज दारात उभ्याउभ्या, पायातल्या चपलांसकट सांगून टाकायचा? मी ठरवलं, पियानो तयार झाला की सगळ्यांना बोलवायचं, आणि सगळ्यांसमोर मावशीची गोष्ट सांगायची. आधी फाटलेली फळी, मग खुंट्या. आधी हसवायचं, मग डोळ्यांत पाणी. वैशाली म्हणाली, “अहो, तिला आधी एकटीला सांगा.” मी म्हणालो, “मग मजा काय राहिली?” मावशी त्यानंतर तीन गुरुवार विचारत राहिली, आणि मी तीनही वेळा “सांगतो, सांगतो” म्हणालो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “दादा, तुमी लय ग्वाड बोलता. पन कामाचं तेवडं ऱ्हातंय.”

जूनमधल्या एका रविवारी दुपारी आमच्याकडे वीस माणसं जमली. मावशीला मुद्दाम बोलावलं होतं. ती हिरवं इरकली लुगडं नेसून आली आणि कितीही सांगितलं तरी खुर्चीवर बसली नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून खाली बसली. मुक्तानं वाजवायच्या आधी मी उभा राहिलो.

सुरुवात झकास जमली. नारळपाण्यावर हशा आला, कोंबडीच्या पिलांवर तर फारच. मग मी शेगडीवर आलो. बंद बंगला, पावसाची झोड, पियानोखाली शेगडी, आणि शेजारी बसून पेंगणाऱ्या आमच्या मावशी. “आणि मग,” मी आवाज खाली आणला, “फाट्! पियानोची फळी खालून वरपर्यंत उभी फाटली. फर्नांडिस म्हणाले, ही आगीनं गेली. म्हणजे बघा, लोक शेगडीवर कणसं भाजतात, आमच्या मावशींनी पियानो भाजला.” खोली हशानं दणाणली. मी हात वर करून थांबलो होतो, हशा ओसरला की पुढचं वाक्य टाकायचं म्हणून. तेवढ्यात माझा मेहुणा ओरडला, “तंदुरी पियानो!” पुन्हा हशा. कुणीतरी विचारलं, चटणी बरोबर मिळते का? वैशालीच्या बहिणीनं समोशांचं ताट आणलं. मुक्ता कंटाळून स्टुलावर बसली होती, तिनं वाजवायलाच सुरुवात केली. सगळे गप्प झाले, आणि माझं दुसरं वाक्य माझ्याच तोंडात राहिलं.

मी मावशीकडे पाहिलं होतं. पदर डोक्यावरून पुढे आला होता. मला वाटलं, लाजली.

मंडळी पांगायला लागल्यावर ती उठली, पिशवीतून फडकी काढली आणि पट्ट्या पुसायला लागली. रविवार होता, गुरुवार नव्हता. मी दारात मेहुण्याशी बोलत होतो. लोक पाठ थोपटत होते, काय रंगवून सांगता राव! तेवढ्यात आतून एक सूर आला. एकच, डाव्या टोकाचा, खालचा, फाटलेल्या फळीमुळे अजूनही किंचित झिणझिणणारा. मी वळून पाहिलं. मावशीचा हात पट्टीवर तसाच दबलेला होता. तो सूर पुरता विझेपर्यंत तिनं हात उचलला नाही.

“येते ताई,” ती वैशालीला म्हणाली. मला काही म्हणाली नाही. ती गेल्यावर वैशाली म्हणाली, “अहो, गाडी काढा. स्टेशनवर गाठा तिला आणि उरलेलं सांगा.”

“गुरुवारी येईलच की,” मी म्हणालो, आणि उरलेला समोसा खाल्ला.

गुरुवारी ती आली नाही. पाऊस असेल, मी म्हणालो. पुढच्या गुरुवारी, लोकल बंद असतील. मुलाचा फोन तिनं वैशालीला एकदा लिहून दिला होता, तो लागत नव्हता. वाडीवर रेंज नसते. तिसऱ्या आठवड्यात वैशालीनं माझ्या हातात छत्री दिली.

गाडी रस्ता संपला तिथे सोडून आम्ही पाऊण तास चढलो. वाडीखालच्या खाचरात आवणी चालली होती, माणसं वाकून भाताची रोपं लावत होती. मावशीचं घर विचारल्यावर एक बाई चिखलातून वर आली. हातात रोपांची जुडी तशीच. तिची सून.

“आत्याबाई गेल्या,” ती म्हणाली. “आज बारा दिस झालं. ताप हुता. छातीत भरलं. डोलीतनं खाली न्यायची म्हनलो तर नगं म्हनाल्या.”

आम्ही दोघं बांधावर उभे होतो. वैशालीनं माझा दंड धरला. बारा दिवसांपूर्वी. म्हणजे मी पहिल्या गुरुवारी पाऊस असेल म्हणालो, तेव्हा मावशी तापात होती.

“काही म्हणत होत्या का?” मी विचारलं.

“येकच धरलं हुतं. ‘बाई इचारल, पेटी कशी हाय. मी काय सांगू?’ रातभर तेच. आमी म्हनायचो, सांगा बरी हाय. तर म्हनायच्या, खोटं कसं सांगू, फाटली म्हनून धा माणसांत सांगितलंय त्येंनी.” तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला मी कोण ते तेव्हा लक्षात आलं असावं. “तुमीच का त्ये पेटीवालं दादा?”

मी म्हणालो, हो. मग मी तिथेच, पावसात, बांधावर, दुसरं वाक्य सांगायला लागलो. बाकीचे पियानो सडले, हा नाही सडला, खुंट्या अजून घट्ट आहेत, शेगडी नसती तर... सून ऐकत होती. तिच्या हातातल्या जुडीतून चिखलाचं पाणी ठिबकत होतं.

“आता मला सांगून काय दादा,” ती म्हणाली. वाईट बोलायचं म्हणून नाही, सरळच. “जाते. रोपं पडून ऱ्हातात.” आणि खाचरात उतरली.

परत येताना गाडीत वायपर तेवढे फिरत होते. घरी आल्यावर मी ओल्या कपड्यांनिशीच पियानोजवळ गेलो. मावशीची दोन्ही फडकी त्यावर घडी करून ठेवलेली होती, रविवारी ती विसरून गेली असं मला वाटलं होतं. मी काळ्याचं फडकं बोटाला गुंडाळलं आणि पहिल्या काळ्या पट्टीवरून जपून फिरवलं. वाजलीच. दुसरी वाजली. तिसरीही.

वैशाली खाली बसली, पियानोची फळी काढली आणि आतल्या रेघांकडे बघत राहिली. मग बल्बजवळ हात धरून पाहिला. तो जळत होता. तीन आठवडे तोही वैशालीनंच बघितला असणार, मला आठवणही नव्हती.

“मी सांगणारच होतो गं तिला,” मी म्हणालो. “वेळच मिळाला नाही.”

तिनं फळी जागेवर बसवली, खटकन दाबली.

“वीस जणांना सांगायला मिळाला की,” ती म्हणाली.